‘शीत कर्तन’ : एका संशोधनभूमिकेचे परीक्षण

सिलिकॉनवरील अतिशीघ्र लेसर-प्रक्रियांविषयीचे लेखन चाळू लागले की एक भूमिका जवळजवळ सूत्रासारखी वारंवार भेटते. प्रकाशाचा स्पंद जितका अल्पकालिक तितके काम निर्मळ, आणि स्पंद फेम्टोसेकंदांच्या मर्यादेत आला की कर्तन ‘शीत’ होते, असे ती सांगते. या भूमिकेत सत्याचा अंश कोणता व अतिव्याप्ती कोणती, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

भूमिकेचा आधार भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश होय. स्पंदाची ऊर्जा आरंभी केवळ इलेक्ट्रॉन ग्रहण करतात; ती उष्णतेच्या रूपाने स्फटिकजालकाकडे जाण्यास पिकोसेकंदाच्या श्रेणीतील अवधी लागतो. अर्थात जालक तापण्यापूर्वीच स्पंद संपलेला असतो. ‘येथे उष्णतेचा संबंध नाही’ हे विधान व्हॅन व्हेक्टन यांनी 1979 मध्ये नॅनोसेकंद स्पंदांविषयी केले होते. परंतु पुढील प्रयोगांनी ते टिकू दिले नाही. तेथे सिलिकॉन नेहमीसारखेच वितळत होते. त्याच स्वरूपाचे विधान फेम्टोसेकंद स्पंदांविषयी मात्र खरे ठरले. बेल प्रयोगशाळेत शँक, येन व हिर्लिमान यांनी 1983 मध्ये 90 फेम्टोसेकंदांचे स्पंद वापरून दाखविले की, तीव्र उद्दीपनानंतर सिलिकॉनच्या पृष्ठभागाची स्फटिकरचना एका पिकोसेकंदाच्या आतच ढासळते. हे वितळणे तापण्याची वाट पाहत नाही.

तथापि जे वितळण्याच्या पहिल्या क्षणाविषयी सिद्ध झाले, ते संपूर्ण प्रक्रियेविषयी गृहीत धरण्यात आले, आणि दोषाचा उगम येथेच आहे. इलेक्ट्रॉनांनी घेतलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. जो भाग उडून जाणाऱ्या द्रव्याबरोबर जात नाही, तो मागे उष्णता म्हणूनच उरतो. वितळलेला थर पुन्हा गोठतो आणि गोठताना पुष्कळदा पूर्वीची सुव्यवस्था परत मिळवीत नाही. स्पंद एकामागून एक त्वरेने पडू लागले, तर ही शिल्लक उष्णता साचत जाते. एका स्पंदाचा शीतपणा लक्ष स्पंदांच्या कामास लागू पडत नाही.

‘कृष्ण सिलिकॉन’ हे याचे बोलके उदाहरण होय. हार्वर्ड येथे एरिक मझूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गंधकाच्या फ्लुओराइड वायूत सिलिकॉनवर शेकडो फेम्टोसेकंद स्पंद टाकताच पृष्ठभागावर सूक्ष्म शंकूंचे रान उगवले. साधे सिलिकॉन ज्या अवरक्त प्रकाशास पारदर्शक असते, तोही हा पृष्ठभाग शोषून घेतो. हा गुण पुष्कळ अंशी गंधकाने भारलेल्या, विस्कटलेल्या थराचा आहे. म्हणजे या क्षेत्रातील अतिशय गाजलेली निर्मिती निर्मळपणामुळे नव्हे, तर मागे उरलेल्या विकृतीमुळे मोलाची ठरली आहे. सूत्राच्या पुरस्कर्त्यांनी याचा विचार करावयास हवा होता.

सूत्राचा खरा पराभव मात्र सिलिकॉनच्या अंतर्भागात झाला. काचेच्या आत फेम्टोसेकंद स्पंदांनी प्रकाशवाहिनी कोरण्याचे काम 1996 मध्येच साधले होते. मग सुमारे 1.1 मायक्रोमीटरपलीकडील तरंगांस पारदर्शक असणाऱ्या सिलिकॉनमध्ये ते का साधू नये? कारण असे की, सिलिकॉनची ऊर्जाफट अवघी 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. अल्पकालिक स्पंदाची प्रखरता एवढी असते की, केंद्रबिंदूस पोहोचण्यापूर्वीच दोन-दोन फोटॉन एकत्र शोषले जातात. त्यातून मुक्त झालेले इलेक्ट्रॉन उरलेला प्रकाश विखुरतात. जो गुण पृष्ठभागावर उपकारक, तोच अंतर्भागात अडसर होतो. 2017 मध्ये मार्सेय येथील संशोधकांनी ही मर्यादा ओलांडली ती स्पंद आणखी आखूड करून नव्हे, तर सिलिकॉनच्याच गोलकाच्या मध्यावर प्रकाश अत्यंत विस्तृत कोनातून एकवटून. त्याच वर्षी अंकारा येथील गटाने हजारो पटींनी दीर्घ अशा नॅनोसेकंद स्पंदांनी सिलिकॉनच्या पोटात त्रिमितीय रचना कोरल्या. ‘आखूड ते चांगले’ यास याहून स्पष्ट उत्तर कोणते असावे?

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. नवा संशोधक या क्षेत्रात येतो तो ही भूमिका गृहीत धरून. तिच्याच आधारे तो साधन निवडतो, आणि साधन निवडले की प्रश्नही त्या साधनाच्या बेताचे पडू लागतात. यास्तव स्पंदाच्या कालावधीबरोबर तरंगलांबी, ऊर्जाघनता, स्पंदांची संख्या व त्यांची वारंवारता यांचा निर्देश झाल्याविना ‘शीत’ हे विशेषण कोणी स्वीकारू नये. तसेच कोरलेल्या खाचेचा वरून घेतलेला देखणा फोटो पुरेसा मानू नये. तिचा आडवा छेद घेऊन खालच्या थराची स्थिती दाखविली पाहिजे. आपल्या भाषेत परिभाषा घडविताना तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. त्या पहिल्या पिकोसेकंदातील घटनेस ‘अनौष्णिक वितळण’ म्हणावे. ते यथार्थ आहे. संपूर्ण प्रक्रियेस ‘शीत’ म्हणणे म्हणजे निष्कर्ष प्रयोगापूर्वीच नावात घालून ठेवणे होय.