कावीळ उतरली, पण कशानं?

आमच्या गोरेगावात (हिंगोली जिल्ह्यातलं) भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले, की मेडिकलवरून लिव्हर टॉनिक येतं. वर खात्री दिली जाते, ‘पेटंट औषध आहे.’ आधी हा शब्दच तपासा. १९४० च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ औषध म्हणजे घटक ग्रंथातले, पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं. पेटंट मिळालेलं असायलाच हवं असं नाही.

आता ‘गुण येतो’ याबद्दल. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग बाटली घ्या, गळ्यात कावीळीची माळ घाला, नाहीतर नुसता उसाचा रस प्या, यश सगळ्यांनाच! म्हणून औषध न घेतलेला गट शेजारी नसेल, तर शंभर बरे झालेले रुग्णही काही सिद्ध करत नाहीत. पण हीच कावीळ हिपॅटायटिस ई ची असेल आणि बाई शेवटच्या तिमाहीत गरोदर असेल, तर मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. तिथं टॉनिकवर घालवलेला आठवडा फार महागात पडतो.

तुलना झालीच नाही, असंही नाही. या बाटल्यांत बऱ्याचदा असणारा भुईआवळा पावसाळ्यात आपल्याकडे बांधावर कुठंही उगवतो. मद्रासच्या संशोधकांनी तो हिपॅटायटिस बी च्या वाहकांना ३० दिवस दिला. १९८८ च्या ‘लॅन्सेट’मधला निकाल असा: औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं प्रतिजन गेलं, प्लासिबो घेतलेल्या २३ पैकी एकाच्या. वाचून कुणीही उडेल. तुम्ही मात्र थांबा आणि विचारा, एका गटात ३७ तर दुसऱ्यात २३ च का? मला तरी टक्केवारीपेक्षा हा आकडा जास्त खुपतो.

दोनच वर्षांनी थायलंडमधल्या चाचणीत तसा परिणाम दिसला नाही. वनस्पतीच्या जातीत, अर्क काढण्यात फरक असेल, हा बचाव मला चुकीचा वाटत नाही. पण तो मान्य केला, तर लेबलवर नुसतं ‘भुईआवळा, इतके मिलिग्रॅम’ छापून कसं चालेल? कोणती जात, कसला अर्क, चाचणी झाली ती याच अर्काची का? हातात येईल ती बाटली उलटी करून बघा, यातलं काय लिहिलंय.