पाठमोरी माणसे

वास्तुशिल्पावर लिहिणारे बहुतेक लोक इमारतीसमोर उभे राहून लिहितात. खांब मोजतात, कमानी मोजतात, घुमटाची तारीफ करतात आणि पुढच्या इमारतीकडे वळतात. मंदिराला किंवा राजवाड्याला हा क्रम चालत असेल. पण जी घरे शेताच्या बांधावर जन्मली, त्यांचे मोल त्यांच्याकडे पायी चालत गेल्याखेरीज कळत नाही, असे माझे मत झाले आहे. इटलीच्या ईशान्येस वेनेतो नावाचा प्रांत आहे. तिथल्या विचेंत्सा शहराबाहेर, एका सकाळीत सहज चालून होईल अशा वाटेवर, दोन विख्यात घरे लागतात. एकाची कीर्ती बांधणीसाठी, दुसऱ्याची भिंतींवरील चित्रांसाठी. जगाने पहिल्याला अधिक मान दिला आहे. मला मात्र दुसरे घर, आणि त्यातही मुख्य घर नव्हे तर पाहुण्यांसाठी बांधलेली बाजूची इमारत, अधिक मोलाची वाटते. असे का, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी व्हिला या शब्दाविषयी थोडे. व्हिला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंती बंगला येतो. वेनेतोतला व्हिला मुळात तसा नव्हे. तो शेतावरचा वाडा. व्हेनिसचे सरदार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगले. पण पूर्वेकडे तुर्कांची सत्ता पसरू लागली, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला, आणि समुद्राचा भरवसा पूर्वीसारखा उरला नाही. तेव्हा या व्यापाऱ्यांनी आपला पैसा जमिनीत घातला. दलदली उपसून, कालवे काढून पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी व्हेनिसच्या सरकारने १५५६ साली खास अधिकारी नेमले. नवे जमीनदार आले, त्यांना शेतावर राहायला घरे हवी झाली, आणि ती बांधायला माणूसही मिळाला. मूळचा पाथरवट असलेला हा आंद्रेआ पाल्लादिओ (१५०८-१५८०). १५७० साली छापलेल्या आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात शेतावरच्या घरांविषयी लिहिताना तो कोठारे, तबेले आणि तळघरे यांचा तपशिलाने विचार करतो. फांत्सोलो गावचा त्याचा व्हिला एमो पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. मध्ये मालकाचे घर, दोन्ही अंगांना कमानींच्या लांबच लांब पडव्या, आणि टोकांना कबुतरखाने. त्या पडव्या शोभेच्या नव्हेत. शेतीच्या कामाकाजाच्या आहेत. तिथले सौंदर्य धान्याच्या राशीवर उभे आहे, आणि ते तसे लपवलेलेही नाही.

आता विचेंत्साबाहेरच्या वाटेकडे वळू. शहर मागे टाकून दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला बाकिल्योने नदी, उजव्या हाताला बेरिकोच्या टेकड्या. नदी मोठी नाही, घाईतही नाही. टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. हल्ली वेली तारांवर ओळीने ताणलेल्या दिसतात. पूर्वी त्या झाडांवर चढवीत. १७८६ च्या सप्टेंबरात गटे व्हेरोनाहून विचेंत्साला आला, तेव्हा रस्त्याच्या कडेने झाडांच्या रांगांवर चढवलेल्या आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या वेली त्याने कौतुकाने टिपून ठेवल्या. झाडावर चढवलेल्या अशा वेलीला इटालियन माणूस ‘लग्न लावलेली वेल’ म्हणतो. ही कल्पना थेट लॅटिन कवींपासून चालत आली आहे. मराठी वाचकाला इथे शाकुंतलातला पहिला अंक आठवल्यावाचून राहणार नाही. कण्वांच्या आश्रमातली वनज्योत्स्ना अशीच आम्रवृक्षाची वधू झालेली असते. आणि योग असा की, पुढे पाचच वर्षांनी, १७९१ साली, शाकुंतलाचा जर्मन अनुवाद हाती येऊन गटे त्यावर लुब्ध झाला.

पण काव्याच्या या गोड साम्यात एक गोष्ट निसटते. वेनेतोतल्या शेतकऱ्याने वेल झाडावर चढवली ती काव्यासाठी नव्हे. एकाच शेतातून त्याला द्राक्षे हवी होती, चुलीला फांद्या हव्या होत्या, गुरांना पाला हवा होता, आणि झाडांच्या दोन रांगांमध्ये धान्यही पेरायचे होते. ज्या दृश्याला आपण निसर्गरम्य म्हणतो, ते पोट भरण्याच्या या खटपटीतून निघाले आहे. आपल्या प्रवासवर्णनांतही युरोपातील खेडी पुष्कळदा अशी येतात, की जणू ती हिरवळ, त्या वेली, ते बांध परमेश्वराने स्वहस्ते आखले आहेत. चालणाऱ्या माणसाची फसगत इथेच होते. वाट सुखाची असली की ती कोणी घातली, हा प्रश्न मनात येत नाही.

वाटेवरचे पहिले घर म्हणजे पाल्लादिओचा ला रोतोंदा. पोपच्या दरबारातून निवृत्त होऊन परतलेल्या पाओलो आल्मेरिको या धर्माधिकाऱ्यासाठी १५६६ च्या सुमारास याचे काम निघाले. लहानशा टेकडीवर चौकोनी घर, मध्ये गोल दालन, त्यावर घुमट, आणि चारही बाजूंना सहा-सहा खांबांच्या देवळासारख्या देवड्या. चार देवड्या कशासाठी? पाल्लादिओच उत्तर देतो: चारही दिशांना इतकी सुंदर दृश्ये आहेत की कोणती सोडावी हेच कळेना. शेतावरचे घर जे जे मागते, त्यातले मूळ आराखड्यात इथे जवळजवळ काही नाही. पाल्लादिओने तर आपल्या ग्रंथात हे घर शहरी वाड्यांच्या पंगतीला बसवले आहे.

रोतोंदा सुंदर आहे, यात वाद नाही. खालून चढत जाताना त्याची प्रमाणे जसजशी उलगडतात तसतसा चालणारा आपोआप मंदावतो. परंतु देवडीत उभे राहून मागे वळून पाहिले की मनात एक शंका येते. इथून सारा मुलूख चित्रासारखा दिसतो, आणि चित्रातल्यासारखाच दूरही दिसतो. नांगरणारा माणूस इथून ठिपक्याएवढा. या घराने शेताला देखाव्याची जागा दिली आणि मालकाला प्रेक्षकाची. गटेला हे घर फार आवडले, तरीही त्यात राहता येईल पण ते घरासारखे वाटणार नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवलेच. माझा आक्षेप किंचित निराळा आहे. ज्या घरातून चारही दिशा दिसतात, त्या घरातून माणूस दिसत नाही.

रोतोंदाहून निघून दगडी भिंतींमधली एक अरुंद वाट टेकडीकडे चढते. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसवलेले दगडी बुटके दिसू लागतात. त्यांच्यावरूनच या दुसऱ्या घराला ‘बुटक्यांचा वाल्मराना’ म्हणतात. १७५७ साली जुस्तिनो वाल्मराना याने आपल्या भिंती रंगवायला व्हेनिसचे त्येपोलो पितापुत्र बोलावले. पिता जांबात्तिस्ता एकसष्टीचा, युरोपभर नावाजलेला. पुत्र जानदोमेनिको तिशीचा, बापाच्या सावलीत वाढलेला. मुख्य घर बापाकडे गेले. तिथे त्याने होमर, व्हर्जिल, आरिओस्तो आणि तास्सो यांच्या काव्यांतले प्रसंग रंगवले. मधल्या दालनात इफिजेनियाचा बळी. भोवतीच्या खोल्यांत वियोग, मोह, अश्रू. रंगांवर आणि अवकाशावर हुकमत अशी की छताची भिंत नाहीशी व्हावी.

पाहुण्यांच्या इमारतीतल्या बहुतेक खोल्या मुलाकडे आल्या. तिथे मोठ्या काव्याची सक्ती नव्हती. त्याने काय रंगवले? दुपारी टेकलेले शेतकरी. उघड्यावर बसून जेवणारे शेतकऱ्याचे कुटुंब. पलीकडच्या खोलीत उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात फिरायला निघालेली बडी माणसे. या चित्रांत कथा नाही, देवदूत नाहीत, हावभाव नाहीत. मागे पुष्कळसे मोकळे आकाश, आणि पुढे माणसे. शेतकऱ्यांना विदूषक करून हसवण्याची तेव्हा सर्रास रीत होती. इथे त्यांना कोणी हसत नाही. जे मान वर करून बसण्याचे समाधान बाप सेनापतींना देतो, ते मुलाने जेवायला बसलेल्या बाईला दिले आहे. गटेनेही हे घर पाहिले. दोन हात वेगळे असल्याचा त्याच्या टिपणात उल्लेख नाही. तरी भव्य शैलीपेक्षा साधी शैली इथे अधिक साधली आहे, असा कौल त्याने दिला. त्याच्या नजरेची ही मोठीच साक्ष म्हटली पाहिजे.

यावर एक रास्त हरकत निघू शकते. हे शेतकरीसुद्धा धन्याच्या पाहुण्यांसाठीच रंगवले आहेत. त्यांचे कपडे नेटके आहेत, त्यांच्या दारात खंडवसुली करणारा कारभारी उभा नाही. हे खरे आहे. त्याच शतकात वेनेतोच्या खेड्यांत मक्याची पोलेंता हेच गरिबाचे अन्न होऊन बसले होते, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्याची कातडी सोलून काढणारा, बुद्धी भ्रमवणारा पेलाग्रा रोग तिथे पसरत होता. त्याला हे नाव वैद्यकात १७७१ साली मिळाले. भिंतीवरच्या त्या जेवणाऱ्या कुटुंबाकडे पाहताना हे विसरणे मला जमत नाही. जानदोमेनिकोने दुःख रंगवले नाही, ही त्याची मर्यादा मी मान्य करतो. पण त्याने माणूस डोळ्यांच्या उंचीवर आणला. रोतोंदाच्या देवडीतून ठिपक्याएवढा दिसणारा तो माणूस इथे हाताच्या अंतरावर आहे. दुःखाची दखल घ्यायची तर आधी माणूस एवढा जवळ यावा लागतो.

या चित्रकाराचे पुढे काय झाले ते पाहिल्यावाचून निवाडा पुरा होत नाही. त्यासाठी आगगाडीने व्हेनिसला जावे लागते. वाल्मरानाच्या मिळकतीतून असेल वा नसेल, त्याच १७५७ साली त्येपोलोंनी झियानिगो गावी स्वतःचा व्हिला घेतला. बाप १७७० साली माद्रिदला वारला. मुलगा परत येऊन सवडीने त्या घराच्या भिंती रंगवीत राहिला. कोणा धन्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. ती चित्रे १९०६ साली भिंतींवरून उतरवण्यात आली आणि आता व्हेनिसच्या का रेझोनिको या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या १७९१ च्या एका चित्रात एक स्त्री आणि दोन पुरुष फिरायला चालले आहेत: उंची पोशाख, ऐट, आणि आपल्याकडे पाठ. दुसऱ्यात एक गर्दी चित्रांची पेटी पाहायला लोटली आहे, तीही बहुतेक पाठमोरी. सहाच वर्षांनी, १७९७ साली, नेपोलियनपुढे व्हेनिसचे हजार वर्षांचे प्रजासत्ताक संपले. चित्रकाराला भविष्य कळले होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण चौतीस वर्षांपूर्वी शेतकऱ्यांना समोरून पाहणाऱ्या या माणसाने आता फिरायला निघालेल्या बड्या लोकांना पाठमोरे पाहिले, एवढे भिंतीवर स्पष्ट आहे.

१९९४ साली युनेस्कोने विचेंत्सा शहर आणि १९९६ साली वेनेतोमधले पाल्लादिओचे व्हिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते योग्यच झाले. तिथे जाणाऱ्या रसिकाला माझे सांगणे इतकेच, की रोतोंदा पाहावाच, पण तिथून परत फिरू नये. ती अरुंद वाट चढावी, मुख्य घरातल्या वीरांना नमस्कार करून पाहुण्यांच्या इमारतीत शिरावे, आणि जेवणाऱ्या त्या कुटुंबापुढे थोडे थांबावे. मग उतरून नदीकाठाने चालावे. द्राक्षांच्या ओळी त्याच असतात, पाणी तेच. पण आता वेलीखाली वाकलेला माणूस दिसू लागतो. चांगल्या चित्राने पाहणाऱ्याला याहून अधिक काय द्यायचे असते?