मला, माळा आणि मळा

तरुण पिढी वाचत नाही, हे वाक्य दिवाळी अंकांच्या संपादकीयांतून, वाचनालयांच्या वार्षिक सभांतून आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. मला ते अर्धेच खरे वाटते. आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातला विशीतला मुलगा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काही ना काही वाचत असतो, लिहीत असतो आणि त्यातले बरेचसे मराठीच असते. मित्राला बोलावणे, बहिणीची थट्टा, सामन्याची चर्चा, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब, प्रेमाची पहिली कबुली, सगळे मराठीत. आमच्या पिढीने आयुष्यभरात जेवढी पत्रे लिहिली नसतील तेवढे मजकूर हा मुलगा महिन्याभरात लिहितो. त्याने मराठी सोडलेली नाही. त्याने सोडली आहे ती देवनागरी. पाटीवरच्या एकेका अक्षरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या भागात या गोष्टीचा मात्र कुठे बोभाटा नाही.

ही सवय लागली कशी, हे पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या साध्या मोबाइलवर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी संदेश रोमन अक्षरांत लिहिले जात. ती अडचण होती आणि तोड चांगली होती. पण युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, आणि पुढे स्मार्टफोन आले तेव्हा मराठी कळफलक त्यांच्यात फुकट मिळू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती हे यंत्र गेले. अडचण संपली, बोटांची सवय तेवढी राहिली. म्हणजे दोष यंत्राकडे जात नाही.

आता या रोमन मराठीचा नमुना घ्या. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे. ती ‘मला’ असतील, ‘माला’ असतील, ‘माळा’ असतील किंवा शेतातला ‘मळा’. के, ए, एल लिहिले की काल, काळ, कळ आणि कल या चौघांनी एकाच दारातून आत यायचे. न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड यांतला फरक पुसला जातो. उद्या दहाला ये, एवढेच सांगायचे असेल तर काही बिघडत नाही, कारण संदर्भ धावून येतो. पण संदर्भ सगळीकडे धावून येत नाही. मध्यंतरी महाविद्यालयीन कथास्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आले होते. एका मुलाने कथा मोबाइलवरून पाठवली होती, रोमनमध्ये. कथा चांगली होती. तीत नवऱ्याचे घर सोडून निघालेल्या बाईविषयी एक वाक्य होते: दाराशी तिने वेळ लावला. की वेल लावला? दोन्ही वाचनांनी कथा उभी राहत होती, आणि दोन निरनिराळ्या बायका उभ्या राहत होत्या. लेखकाला विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “वेळ हो सर. पण वेल पण चालतंय की.” त्याच्या उत्तराचे मला कौतुक वाटले आणि धास्तीही. ज्या लेखनात लेखकाला आपला शब्द निवडावाच लागत नाही, त्याची समीक्षा करायची तरी कशी?

यावर कोणी म्हणेल, रोमन लिपीतली मराठी ही काय आजची गोष्ट आहे? खरेच नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीतच. मंगळूरला १९०७ साली निघालेली त्याची आवृत्तीही रोमनमध्येच होती. देवनागरीत छापलेली आवृत्ती यायला १९५६ साल उजाडावे लागले. म्हणजे अभिमानाने नाव घ्यावे असे मराठी काव्य साडेतीन शतके रोमन अक्षरांत नांदले. गोव्यात आजही रोमी कोंकणीत तियात्र लिहिले जाते, प्रार्थना होते, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने केवळ देवनागरी कोंकणीला मान दिल्याची खंत त्या लिपीत लिहिणाऱ्यांना आहे. तेव्हा रोमन लिपी म्हणजे भाषेचा मृत्यू असा आरडाओरडा मी करणार नाही. पण स्टीफन्सच्या रोमनमध्ये आणि या रोमनमध्ये एक फरक आहे. त्याला ळ ऐकू येत होता. त्याच्या पुराणात ‘परिमळ’ हा शब्द येतो तेव्हा ळसाठी एल हे अक्षर जोडून दोनदा येते. परदेशातून आलेल्या त्या माणसाने आपल्या लिपीला मराठीचे वळण लावले. आपली मुले मराठीला यंत्राच्या अक्षरांत कशीबशी कोंबतात.

मोडीचे उदाहरणही कोणी देईल, आणि ते जास्त नेमके आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नव्हता, शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती, हात उचलायचा नाही एवढाच नियम. तरी कारभार चालला. मात्र मोडी वाचणे ही एक विद्या होती, ती उमेदवारी करून शिकावी लागे. आणि पोथ्या लिहायची वेळ आली की लोक बाळबोधकडे वळत. घाईची लिपी वेगळी, ठेवणीची वेगळी. मोबाइलवरची रोमन ही आजची मोडी आहे असे मानायला माझी तयारी आहे. प्रश्न आहे तो घरात बाळबोध उरली आहे की नाही, हा.

इथे शाळेकडे यावे लागते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींकडे पाहिले गेले. देशातल्या २६ राज्यांतले २८ जिल्हे त्यासाठी घेतले होते. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. पण सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता. पुढच्या वर्षीच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. या आकड्यांवरून मुलांना झोडपण्याची प्रथा पडली आहे. मला त्यात दिसते ते असे की मुले शिकतातही फोनवर आणि रमतातही फोनवर, आणि दोन्हींचा रस्ता डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त जातो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा वही देवनागरीत, वहीचा फोटो फोनवर, आणि त्याखालचे शंकानिरसन रोमनमध्ये, अशी जी विभागणी झाली ती शाळा उघडल्यावरही मोडली नाही. आता गणिताचा धडा यूट्यूबवर ऐकला जातो, तोही दुप्पट वेगाने. मास्तरांनी मुद्दाम घेतलेला विराम त्या वेगात नाहीसा होतो. असो.

आपल्या शहरांत आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाला देवनागरी भेटते ती बहुधा हिंदीच्या पुस्तकातून, आणि त्या वर्णमालेत ळ नाही. म्हणजे घरात ‘शाळा’, ‘फळा’, ‘बाळ’ म्हणणारे मूल ज्या लिपीत लिहायला शिकते तीत त्याच्या घराचे एक अक्षर गायब असते. गंमत म्हणजे शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मुलाला ळ नीट येतो, कारण कन्नडमध्ये तो आहे.

ऐकण्यावर माझा राग नाही. ज्या पु. ल. देशपांड्यांनी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले, त्यांची माणसे आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना पुस्तकापेक्षा कॅसेटमुळेच पाठ आहेत. आज कोणी बसमध्ये कानाला यंत्र लावून मराठी कादंबरी ऐकत असेल तर त्याला वाचक म्हणायचे की श्रोता, या वादात मला रस नाही. त्या कादंबरीचा वाक्य-न्-वाक्य कोणीतरी देवनागरीत निवडून लिहिलेला असतो.

रीलचे तसे नाही, आणि रीलकडे आपल्या समीक्षेने नाक मुरडून का होईना पण पाहायला हवे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिन्याभरात इन्स्टाग्रामने तीच सोय दिली, आणि एरवी छापील मराठीने दाराबाहेर उभी केलेली आपली सीमाभागातली बोली एकदम मंचावर आली. ‘काय करूलास’, ‘काय वो’ हे ऐकून पुण्यातली मुले हसतात आणि आपली मुलेही अभिमानाने हसतात. मी अशा पुष्कळ फिती पाहिल्या. बोलण्याची लय अस्सल आहे, निरीक्षण बारीक आहे, वेळ साधण्याचे कसब तर आमच्या हौशी रंगभूमीच्या कितीतरी नटांना नव्हते. पण या फितींत बोली बोलणारा माणूस नेहमी भाबडा, भांडकुदळ किंवा बावळट असतो. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी हीच बोली आपल्या कथा-कादंबऱ्यांत वापरली. पिठाची गिरणी चालवता चालवता त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका आणि गाड्यांवरचे ड्रायव्हर लिहिले. त्यांच्याकडे ती भुकेची, अपमानाची आणि मायेचीही भाषा होती. ते २०२४ मध्ये गेले. त्यांच्यापासून या फितींपर्यंत येताना बोलीचा आवाज वाढला आणि पल्ला आखडला, असे माझे मत आहे.

आणि या फितींखालचा मजकूरही रोमनमध्ये असतो. का, हे मी काही मुलांना विचारले. मराठीत टंकायला वेळ लागतो, हे नेहमीचे उत्तर. पण एका मुलीने सांगितले ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, “देवनागरीत लिहिलं की चुकतंय सर. रोमनमध्ये चूक नसत्येच.” तिच्या बोलण्यात आमच्या अध्यापनाचे सगळे माप आहे. ‘करूलास’ या शब्दाचे शुद्ध रूप कोणत्या पुस्तकात आहे? कोणत्याच नाही. तो शब्द वहीत लिहिला तर लाल रेघ आली, म्हणून तो जिथे लाल रेघ येत नाही तिथे जाऊन राहिला. वेलांटी-उकारासाठी गुण कापत आम्ही देवनागरी ही परीक्षेची लिपी करून ठेवली. ती प्रेमाची, थट्टेची लिपी राहिली नाही.

छापणाऱ्यांची बाजू तर याहून गमतीची आहे. नव्वदीपासून आपले दिवाळी अंक, स्मरणिका, संमेलनांची वृत्ते ज्या संगणकीय अक्षरवळणांत जुळवली गेली, त्यांतली बहुतेक युनिकोडपूर्व होती. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसे. पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. त्यातला परिच्छेद उचलून मोबाइलवर टाका, इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा हाती येतो. त्यामुळे एखाद्या मुलाने आपल्या गावच्या कवीचे नाव देवनागरीत शोधले तरी आपले जुने अंक त्याला सापडत नाहीत. तीस वर्षांचे सीमाभागातले लेखन असे दाराला आतून कडी लावून बसले आहे. ते युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचे काम तरुण पिढीच्या वाचनाविषयीच्या कोणत्याही परिसंवादापेक्षा निकडीचे आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका संमेलनाच्या मांडवाहून फार असणार नाही.

सरकारी कागद मराठीत द्या, ही आपली जुनी मागणी आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर असेल तिथे ते मिळावेत असा निकष आहे, आणि तो पाळला जात नाही म्हणून आपण निवेदने देतो. दुसरीकडे कर्नाटकाने २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे असा कायदा केला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा तर कागदांवरच उभा आहे. ही सारी लढाई लिपीत लिहिलेल्या मजकुराची आहे. ती मागणी पुढे नेणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरचे गट मी पाहिले आहेत. मोर्चाची वेळ, जमण्याचे ठिकाण, घोषणासुद्धा रोमनमध्ये. आणि पलीकडच्या कन्नड मुलांचे गटही तसेच, रोमनमधल्या कन्नडचे. रस्त्यावर दोन लिप्या एकमेकींची पाटी उतरवायला निघाल्या आहेत आणि दोघींच्या खिशात तिसरीच आहे.

शाळांच्या संगणककक्षांत करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे, तिच्याकडे अजून कोणी पाहिलेले दिसत नाही. भारतीय लिप्यांसाठी जो इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात दिला गेला, तो सगळ्या भाषांना समान आहे. बोट तेच, कळ तीच, फक्त लिपी बदलते. के या कळीवर मराठीत क उमटतो, कन्नडमध्ये कन्नडचा क. सीमेवरच्या मुलाला एकदा बसवून शिकवले तर महिन्याभराच्या सरावात दोन्ही भाषा त्याच्या बोटांत येतील. एनच्या कळीवर ल आहे. शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ळ येतो, मराठीत आणि कन्नडमध्येही.