कृपेच्या दारातली भिंत

देवाची कृपा अमर्याद, तारण फुकट, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगते. मग तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांच्या दफनभूमी वेगळ्या का? १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ब्राह्मणी वळण उघडे पाडले. पुढे त्यांनी ख्रिस्तालाच दलित म्हटले. मत्तयाच्या वंशावळीतील तामार, राहाब यांच्याकडे बोट दाखवले. येथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण दलिताला देव वेदनेतून कळतो, ही त्यांची मांडणी मला खटकते. ही वेदना कोणीतरी लादलेली आहे. तिला देवदर्शनाची वाट ठरवले की लादणारा अलगद सुटतो. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींबाहेर ठेवले, ते सरकारने. दफनभूमीतली भिंत मात्र मंडळीतल्याच माणसांनी बांधली.