निशाणाचा रंग आणि त्याचा अन्वय : मर्थर टिडफिल व सोलापूर

जून १८३१ मध्ये मर्थर टिडफिल या वेल्समधील लोखंडाच्या गावात मजुरीकपात आणि कर्जवसुलीसाठी होणारी घरसामानाची जप्ती यांविरुद्ध कामगार उठले. त्यांनी वासराच्या रक्तात कापड बुडवून निशाण केले आणि त्याच्या काठीला पाव खोचला. ब्रिटनमधील कामगारांच्या उठावात लाल निशाण प्रथम येथेच उभे राहिले, असे मानले जाते. या प्रतीकाचे वैशिष्ट्य असे की, ते घडविण्याचे साहित्य उठाव करणाऱ्यांच्या हाताशीच होते. भूक आणि रक्त यांचा अर्थ लावून देण्यासाठी त्यांना कोणा भाष्यकाराची गरज पडली नाही.

शंभर वर्षांनंतरचे सोलापूर याहून गुंतागुंतीचे आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणगाव रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस ठाणे जळाले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. या दिवसांत जमावाच्या हाती जे निशाण होते, ते चरख्याचे. सूतगिरणीतल्या, म्हणजे यंत्रावर सूत काढणाऱ्या माणसांनी हातसुताचे चिन्ह मिरवावे, यातील विसंगतीकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. शिवाय तेव्हाच्या निशाणात लाल पट्टाही होता. पण तो श्रमाचा लाल नव्हे. १९२१ च्या आराखड्यात लाल हा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा मानला होता. रंगांचा हा जातीय अन्वय काँग्रेसने १९३१ मध्ये अधिकृतपणे सोडला.

सोलापूरच्या स्मृतीने मात्र तो सोडला असे म्हणवत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे गौरवलेखन वाचताना एक सूत्र सतत भेटते : लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. हा क्रम जुन्या निशाणाच्या पट्ट्यांसारखाच लावला जातो. ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे कुर्बान हुसेन गिरणी कामगारांतही वावरत होते, ही गोष्ट या मांडणीत दुय्यम ठरते. हुतात्मा होताच ते एका समाजाचे प्रतिनिधी होतात.

मर्थरमध्ये उलट घडले. सैनिकाला जखमी केल्याच्या संशयास्पद आरोपावरून १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफला फाशी गेलेला डिक पेंडेरिन वेल्श कामगारवर्गाचाच हुतात्मा राहिला. अलेक्झांडर कॉर्डेलच्या १९७२ च्या ‘द फायर पीपल’ या कादंबरीत आणि ग्विन विल्यम्सच्या १९७८ च्या इतिहासग्रंथात तो त्याच रूपात येतो. अर्थात कॉर्डेलचा रंजनाकडचा ओढा लपत नाही. तरीही त्या स्मृतीला एक साहित्यरूप मिळाले.

मराठीत कामगारजाणिवेचे असे रूप मुंबईच्या लालबावट्याला लाभले. १९२८ चा प्रदीर्घ संप, गिरणी कामगार युनियन, १९४४ चे लालबावटा कलापथक, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, पुढे नारायण सुर्वे ही परंपरा सलग सांगता येते आणि म्हणूनच समीक्षा तिथे रमते. सोलापूरचा कामगार तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी असा विखुरलेला असल्याने तो एकाही भाषेच्या वाङ्मयेतिहासात पुरता मावत नाही. जानकी नायर यांनी १९९८ च्या ग्रंथात कोलार व बंगळूर येथील खाण-गिरणी कामगारांचा विचार एका प्रदेशाच्या चौकटीत, भाषेची कुंपणे ओलांडून केला. बंगळूरहून सोलापूरकडे पाहताना ती रीत उपयोगी पडते. पण तेवढीच पुरेशी नाही. सोलापूरला ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून नोंदलेल्या लोकांची सेटलमेंट होती. तेथील माणसे हजेरीच्या बंधनात राहून गिरण्यांत राबत. चरख्याच्या निशाणातील तीन पट्ट्यांपैकी कोणता पट्टा त्यांचा, हा प्रश्न गौरवलेखनाने विचारलेला नाही आणि वाङ्मयेतिहासानेही नाही.