सोमदेवसूरि आणि परभणीचा ताम्रपट

मध्ययुगीन युरोपांत बिशप हा धर्माधिकारी असूनहि राजसभेंत बसे, जमिनी बाळगी आणि प्रसंगीं राजाशीं कलह करी. आपल्याकडे त्या मासल्याचा पुरुष शोधूं लागलें म्हणजे दिगंबर जैन आचार्य सोमदेवसूरि यांचें नांव पुढें येतें. एका बाजूस त्यांचा 'नीतिवाक्यामृत' हा राजनीतीचा सूत्रग्रंथ, दुसऱ्या बाजूस परभणी येथें मिळालेला राजदानाचा ताम्रपट. या दोहोंची सांगड घालून सोमदेवांस राजमंत्री ठरविण्याचा मोह होतो. तो साधनांच्या कसोटीस कितपत उतरतो, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम कालनिर्णय. 'यशस्तिलक' चंपूची समाप्ति शक ८८१ (इ. स. ९५९), सिद्धार्थी संवत्सर, चैत्रांतील मदनत्रयोदशी या दिवशीं झाली, व त्या वेळीं राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णराजाचा तळ मेलपाटी येथें होता, असें ग्रंथान्तीं म्हटलें आहे. ग्रंथ मात्र कृष्णराजाचा चालुक्य सामंत अरिकेसरी याचा पुत्र वद्दिग, याच्या आश्रयानें गंगधारा येथें पुरा झाला. कृष्णराजाचा कऱ्हाडचा ताम्रपट याच मेलपाटीच्या तळावरून ९ मार्च ९५९ रोजीं, म्हणजे अवघा पंधरवडा आधीं, दिलेला आहे. तेव्हां ग्रंथान्तींच्या मजकुराविषयीं शंकेस जागा उरत नाहीं.

परभणीचा ताम्रपट शक ८८८ (इ. स. ९६६) मधील वैशाखी पौर्णिमेचा. वद्दिगाचा पुत्र तिसरा अरिकेसरी यानें, बापानें लेंबुलपाटकांत उभारलेल्या 'शुभधाम' जिनालयाची मोडतोड दुरुस्त करणें, चुन्याचें काम व बलिनैवेद्य यांसाठीं वनिकटुपुलु हा गांव सोमदेवांस दिला. लेंबुलपाटक म्हणजे हल्लींच्या तेलंगणांतील वेमुलवाड. पत्रे परभणीस मिळाले म्हणून दान परभणीकडील होतें, असें समजूं नये. तांब्याचे पत्रे धन्याबरोबर फिरतात.

आतां शासन देणारा राजा सोमदेवांविषयीं काय म्हणतो ? यशोदेव–नेमिदेव–सोमदेव ही गुरुपरंपरा तो देतो. 'यशोधरचरित' (म्हणजे यशस्तिलक) व 'स्याद्वादोपनिषद्' या ग्रंथांचीं नांवें सांगतो आणि बाकीचीं सुभाषितें मोघम उल्लेखितो. मंत्री, अमात्य असें अधिकारपद एकहि नाहीं. महासामंतांच्या शिरोमाल्यांनीं चरण सुगंधित झाल्याचें वर्णन आहे. पण तें प्रशस्तीचें ठराविक लेणें होय, त्यावरून दरबारांतील आसन सिद्ध होत नाहीं. सर्वांत लक्षणीय हें कीं, नीतिवाक्यामृताचें नांवच नाहीं. मौनावरून केलेलें अनुमान दुबळें, हें खरें. तथापि राजकार्याबद्दलच हा सन्मान असता, तर नेमका तोच ग्रंथ गाळला गेला नसता. मुनि अपरिग्रही, गांवाचें उत्पन्न देवालयाचें. सोमदेव येथें विश्वस्त दिसतात, जहागीरदार नव्हेत.

याउलट नीतिवाक्यामृताचा टीकाकार म्हणतो कीं, हा ग्रंथ कान्यकुब्जाच्या महेंद्रदेव राजाच्या प्रेरणेनें झाला. हें मत कित्येक विद्वानांस ग्राह्य वाटलें आहे. परंतु मूळ ग्रंथकार आपल्या पुष्पिकेंत अशा राजाचा उल्लेख करीत नाहीं. तेथें 'महेंद्र' शब्द येतो तो आपल्या 'महेंद्रमातलिसंजल्प' या ग्रंथाच्या आणि महेंद्रदेव नामक वडील बंधूच्या संबंधांत. टीकाकाराची कथा या नामसाम्यांतून उपजली असावी, असें आमचें मत आहे. समकालीन तांबें एक बोलत असतां उत्तरकालीन टीकेस वरचें आसन देणें न्याय्य नव्हे.

मग सोमदेवांचें राजकारण कोठें आहे ? तें ग्रंथांत आहे, आणि तेथें तें कमी तेजस्वी नाहीं. मोक्षमार्गी मुनीनें मंगलश्लोकानंतरच्या पहिल्याच सूत्रांत धर्म, अर्थ व काम देणाऱ्या राज्यास वंदन करावें, हें धैर्याचें लक्षण आहे. तेच ग्रंथकार यशस्तिलकाच्या तिसऱ्या आश्वासांत दुष्ट मंत्र्यांचे वाभाडे काढतात. आणि पुढें आईच्या आग्रहास्तव पिठाचा कोंबडा बळी देणाऱ्या यशोधर राजास जन्मजन्मांतरीं पशुयोनींत फिरवितात. राज्यास वंदनीय मानणें आणि राजास न भिणें, हीं दोन्हीं एकाच लेखणींतून उतरलीं. तीस मंत्रिपदाची झूल घातल्यानें तिचें मोल वाढत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. नेमिदेवांनीं जिंकलेल्या महावाद्यांची संख्या यशस्तिलकांत ९३, तर नीतिवाक्यामृतांत ५५ आहे. संख्येवरून नीतिवाक्यामृत आधींचें ठरावें, तर त्याच्याच पुष्पिकेंत यशोधरचरिताचा उल्लेख ! शिवाय यशोदेवांचा संघ यशस्तिलकांत 'देवसंघ', तर ताम्रपटांत 'गौडसंघ' आहे. ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथांच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनीं शेवटचीं पानें अक्षरशः उतरून प्रसिद्ध करावीं. दोन अंकांच्या पाठभेदावर येथें एका ग्रंथाचा काल अवलंबून आहे.