काटेकोर आणि अचूक : मुंबईतील सहयोगी वैद्यकसंशोधनाचा विचार

'प्रिसिजन मेडिसिन' ही संज्ञा मराठीत बहुधा 'अचूक वैद्यक' अशी उतरविली जाते. हे भाषांतर सदोष आहे. आणि दोष केवळ भाषेचा असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. मापनशास्त्रात काटेकोरपणा आणि अचूकता हे दोन निराळे गुण मानले जातात. धनुर्धराचे पाचही बाण एकाच ठिकाणी दाटीने रुतले तर त्याचा नेम काटेकोर म्हणावा; परंतु ते ठिकाण लक्ष्यापासून हातभर दूर असेल तर तो अचूक नव्हे. मूळ संज्ञा पहिल्या गुणाचा दावा करते. मराठी शब्दाने दुसरा गुण तिच्या पदरात न मागता टाकला. एखाद्या शहरातील रुग्णालय, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ एकत्र येऊन या वैद्यकाचे 'केंद्र' उभारतात, तेव्हा त्याची पारख कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न या दोन शब्दांमधील अंतरात दडलेला आहे.

या संज्ञेला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०११ च्या अहवालाने, आणि राजाश्रय मिळाला तो २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या घोषणेने. अहवालकर्ते आपल्या अनुयायांपेक्षा सावध होते. प्रत्येक रोग्यासाठी स्वतंत्र औषध निर्माण करणे असा अर्थ त्यांना अभिप्रेतच नव्हता. रोगाची प्रवृत्ती व औषधाला मिळणारा प्रतिसाद यांनुसार माणसांचे उपगट पाडता येणे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणजे या वैद्यकाचा गाभा वर्गीकरण हा आहे. मग वर्ग कुणाच्या शरीरांवरून पाडले, हे विचारणे प्राप्तच ठरते. २०१६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार जनुकसमूह आणि रोग यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते.

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बालकांच्या रक्तकर्करोगावर ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध दीर्घकाळ दिले जाते. काहींना त्याची नेहमीची मात्राही सोसत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. टीपीएमटी या जनुकातील दोष हे त्याचे कारण म्हणून पाश्चात्त्य वैद्यकाला पूर्वीपासून ज्ञात होते, आणि त्याची चाचणीही उत्तम होती. पण आशियाई रुग्णांत तो दोष विरळा. २०१४ साली कोरियातील संशोधकांनी एनयूडीटी-१५ या दुसऱ्याच जनुकाकडे बोट दाखविले, आणि पुढे भारतीय रुग्णांतही तोच अधिक महत्त्वाचा ठरला. पहिली चाचणी काटेकोर होती, यात शंका नाही. आमच्या मुलांपुरती ती अचूक नव्हती.

मुंबईच्या वैद्यकाला ही गोष्ट नवी वाटू नये. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने 'लॅन्सेट'मध्ये एका अपूर्व रक्तगटाची नोंद केली. जे रक्त वरवर 'ओ' गटाचे भासत होते, ते 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळेना. कारण त्यात 'एच' हा मूलभूत प्रतिजनच नव्हता. त्या गटाला आज जगभर 'बाँबे' हेच नाव आहे. त्याच सुमारास डॉ. व्ही. आर. खानोलकर व एल. डी. संघवी हे मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणे मोजीत होते. १९६३ साली याच शहरात लोकसंख्याधिष्ठित कर्करोगनोंदणी सुरू झाली. देशातील ती पहिली. या सर्वांना 'हब' म्हणण्याची कुणाला गरज भासली नाही. संघवी-खानोलकरांच्या पद्धतीत मात्र एक धोका होता, तो आजही टळलेला नाही. जात ही विवाहाची मर्यादा असल्याने आनुवंशिकतेच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो; पण गटाचे सरासरी लक्षण व्यक्तीच्या माथी मारले की शास्त्र संपते आणि जुनाच समज नव्या वेषात परत येतो.

अलीकडील सहयोगांकडे वळू. टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांच्या फुप्फुसाच्या ग्रंथिकर्करोगाची तपासणी प्रसिद्ध केली. ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तन त्यांना २३ टक्के रुग्णांत आढळले : युरोपीय रुग्णांपेक्षा अधिक, पूर्व आशियातील रुग्णांपेक्षा कमी. आकडा साधा आहे. परंतु गोळी कुणाला द्यावयाची आणि कुणाला नाही, हे ठरविणाऱ्या चाचणीची येथे किती गरज आहे, ते दुसऱ्या कोणत्याही देशाच्या आकड्यावरून सांगता आले नसते. माझ्या मते या शहराचे खरे काटेकोर वैद्यक ते हे.

गाजावाजा झाला तो दुसऱ्याच कामाचा, आणि तोही अनाठायी नव्हे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून कार-टी उपचार सिद्ध केला. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत एक नवे जनुक घालावयाचे, म्हणजे त्या सीडी-१९ ही खूण असलेल्या पेशींना ओळखून मारू लागतात. मग त्यांची संख्या वाढवून त्या परत शरीरात सोडावयाच्या. विषाणुवाहनाची रचना पवईत झाली; रुग्ण, परिचर्या व चाचणी यांचा भार परळ आणि खाडीपलीकडील खारघर येथील डॉक्टरांनी उचलला. जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला त्या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते 'नेक्सकार-१९'चे लोकार्पण झाले.

या घटनेचे वर्णन करताना 'केंद्र' हा शब्द सर्रास वापरला गेला, तो मला पटत नाही. केंद्र म्हटले की एक इमारत, एक पाटी आणि भोवती परिघावर उभे असलेले लोक डोळ्यांपुढे येतात. येथे तर एकाचे काम जेथे अडते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. अभियंत्याला रुग्णशय्या नाही, चिकित्सकाला विषाणू घडविण्याची विद्या नाही. दोघांमध्ये थंड पेटीतून एक नाव लिहिलेली पिशवी जाते-येते. ती पिशवी चुकीच्या हातात न पडणे, वेळेवर पोचणे, पेशी जिवंत राहणे, यात सहयोगाचे नव्वद टक्के श्रम असावेत. गौरवलेखांतून तेवढेच वगळलेले असते.

दुसरेही एक सांगावयास हवे. हा उपचार सामग्रीच्या दृष्टीने अत्यंत वैयक्तिक आहे, कारण एकाच्या पेशी दुसऱ्याला देता येत नाहीत. पण लक्ष्य सर्वांचे तेच, सीडी-१९. अहवालाच्या अर्थाने वर्गीकरण येथे फारसे नाही. तेव्हा 'अचूक वैद्यकाचा विजय' असे त्याला म्हणणे म्हणजे दोन भिन्न पराक्रम एकाच खात्यावर मांडणे होय.

आणि किंमत. २०१७ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवली होती. मुंबईच्या उपचाराची किंमत लोकार्पणाच्या वेळी ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. तुलनेने ही फार मोठी घट आहे, आणि तिचे श्रेय सहयोगाला निःसंशय आहे. पण तुलना कुणाशी करावयाची? महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाकाठी मिळणारे संरक्षण ५ लाख रुपयांचे. परळच्या पदपथावर मुक्काम ठोकून असलेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉलरांत हिशेब करीत नाहीत; ते या दुसऱ्या आकड्याशी पहिला ताडून पाहतात.